बिबियानाचं पाणी

बिबियाना होती तोवर पिवळा कॅन रोज सकाळी भरून घरात यायचा. ती गेली आणि तो अर्धाच भरू लागला. असं का होतंय, हे दोनातुसला काही केल्या उमगेना.

बेटावर विहीर नाही, झरा नाही. पावसाळ्यात छपरावरचं पाणी धरायचं आणि कोरड्या दिवसांत डोंगरावर भिस्त ठेवायची. डोंगराच्या पोटात आग आहे. गावाच्या वरच्या उतारावर जमिनीला भेगा आहेत आणि त्यांतून गरम वाफ येते. भेगेत लांब बांबू तिरका रोवायचा, बुडाशी माती लिंपायची. वाफ बांबूतून जाता जाता निवते, तिचं पाणी होतं आणि ते दुसऱ्या टोकाला थेंब थेंब कॅनमध्ये पडत राहतं. घरटी एक भेग. ती बापाकडून मुलाकडे येते, पण तिच्याकडे जायचं बायकांनी. पुरुषांनी जाऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही. कुणी जात नाही, एवढंच.

दोनातुस होड्या बांधायचा. खाली किनाऱ्यावर त्याची जागा होती आणि दिवस तिथंच जायचा. संध्याकाळी ताडाची माडी प्यायला पुरुष जमले की आपापल्या भेगेच्या बढाया चालत. दोनातुस म्हणायचा, "आमची भेग खालच्या अंगाला आहे खरी, पण माझा कॅन कधी कमी आलाय का? विचारा कुणालाही." कुणाला विचारायची गरज नव्हती. कॅन भरलेलाच येत होता.

बिबियाना तापानं गेली. सुतकाचे दिवस होते तोवर शेजारच्या बायका पाणी आणून ठेवत होत्या. ते दिवस सरले, आणि एका पहाटे दोनातुस स्वतःच रिकामा कॅन घेऊन वर चढला. एखादी पुतणी पाठवता आली असती. पण बिबियाना इतकी वर्षं रोज कुठं जात होती ते बघावं, असं त्याच्या मनात आलं. बायकोची ती जागा त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

वर बायका होत्या. त्याला बघून त्यांचं बोलणं थांबलं.

"वाट चुकलात का भाऊजी?" लुदगार्दा म्हणाली. ती कोर्नेलिसची बायको. तिच्या घराची भेग दोनातुसच्या भेगेच्या लगेच वर होती. मधे फक्त एक दगड.

"पाणी न्यायला आलोय."

"अगं बाई! कोंबड्यानं अंडं घातलं म्हणायचं."

सगळ्या हसल्या. दोनातुसही थोडा हसला. मग त्यानं बिबियानाचा बांबू पाहिला, टोकाशी बायकांनी लावून ठेवलेला दुसरा कॅन पाहिला. कॅन अर्धा होता.

दुसऱ्या दिवशीही अर्धा. तिसऱ्या दिवशी तो आदल्या संध्याकाळपासूनच तिथं बसून राहिला, एक थेंब वाया जाऊ दिला नाही, तरी अर्धाच.

ही अर्ध्या कॅनची गोष्ट त्याला एरवी चालली असती. एकट्या माणसाला किती पाणी लागतं? शहाळी होती, मका शिजवायला नारळाचं पाणी चालत होतं. पण त्याची मुलगी पास्कालिया समुद्रापलीकडे माउमेरे शहरात दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं मूल आईच्या घरी व्हावं, त्याची नाळ आईच्या दारच्या माडाखाली पुरावी, अशी तिथं रीत आहे. आई नव्हती, पण दार होतं आणि माडही होता. दोनातुसला ती यायला हवी होती. घरात कुणाचा तरी आवाज हवा होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

चर्चच्या मागच्या टेकाडावर फोन लागतो. तिथं उभा राहून तो तिच्याशी बोलायचा.

"कॅन भरतो का बाबा?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"भरेल."

"भरेल नको सांगूस. भरतो का ते सांग. बाळंतीण अर्ध्या कॅनात कशी निभावणार? इकडे सासूबाई म्हणतात इथंच राहा, घरात नळ आहे."

"तू ये तर खरं. मी बघतो काय ते."

"कॅन भरला की सांग, मी निघते. पण लवकर सांग. पोट फार वाढलं की होडीवाले घेत नाहीत."

मग दोनातुस कामाला लागला. होडीत पाणी शिरू नये म्हणून काय काय करतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून तेच करावं, असं त्यानं ठरवलं. बांबूच्या बुडाशी राळ भरली. बांबूवरच्या बारीक भेगा झाडाची साल ठोकून बुजवल्या. एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं, पण कॅनचं तोंड आणि बांबूचं टोक यांच्यामधली फटही त्यानं राळेनं पक्की बंद केली. वारा जायलासुद्धा जागा ठेवली नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत धाडकन आवाज झाला. बांबू मातीतून उसळून बाहेर आला आणि कॅनसकट हेंद्रिका आजीच्या पायाशी पडला.

"दोना, अरे मला मारतोस का काय?" आजी ओरडली. ती गावातली सगळ्यात जुनी विधवा. "माझं वय झालंय, माझी मी मरेन. तुझी मदत नको."

"आत वारा कोंडला वाटतं," दोनातुस म्हणाला. त्याला खरंच त्याचं नवल वाटत होतं. तो गुडघ्यावर बसून बांबूच्या आत बघू लागला.

"कोंडला वाटतं म्हणे! भाऊजी, भांड्यावर झाकण गच्च बसवून कधी भात शिजवलाय का?" लुदगार्दानं विचारलं.

"नाही."

"ते दिसलंच."

त्या दिवसाच्या कॉफीला होडीचा वास आला. त्यानं ती तरीही प्यायली.

पुढे त्यानं नवा बांबू आणला. जाड, लांब, आतल्या गाठी नीट फोडलेला. गाठी फोडायला त्यानं एक लोखंडी सळई लांब काठीला बांधून घेतली. बांबूच्या आतून हात फिरावा इतकं ते काम साफ होऊ लागलं. मग बांबू गार राहावा म्हणून त्यावर केळीची ओली सोपटं गुंडाळून पाहिली, सावली करून पाहिली, तिरकेपणा कमीजास्त करून पाहिला. बायका येता जाता बघायच्या आणि काहीतरी बोलून जायच्या. कॅन अर्ध्याच्या थोडा वर गेला, पण भरला नाही.

मात्र हा नवा बांबू तोडायला तो बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेला होता, त्या दिवशी कॅन भरला होता. काठोकाठ. परतल्यावर त्यानं ते पाहिलं आणि बराच वेळ कॅनकडे बघत राहिला. त्या दिवशी वेगळं काय होतं? बांबू जुनाच होता. वारा नेहमीचाच होता. त्यानं डोकं खाजवलं, गावात चौकशी केली, आणि एक गोष्ट हाती लागली. त्या दिवशी कोर्नेलिसही गावात नव्हता. मासे वाळवायचं मीठ आणायला तो होडी घेऊन गेला होता.

मग त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं, म्हणजे त्याला तसं वाटलं. कोर्नेलिसची भेग वर. मधला दगड थोडा सरकलेला दिसतो. कोर्नेलिस गावात असला की काहीतरी करतो आणि वाफ आपल्याकडे ओढून घेतो. नसला की आपला कॅन भरतो. दोघांच्या बापांचंही याच भेगांवरून भांडण झालं होतं, कोयते निघाले होते. बिबियाना गेली आणि कोर्नेलिसला संधी मिळाली.

तो मोसाकडे गेला. मोसा म्हणजे जमिनीचा मान ज्याच्याकडे आहे तो म्हातारा. भेगांची भांडणं तोच तोडतो.

"बाबा रे, नीट विचार केलास का?" मोसा म्हणाला. "भेगेवरून वाद आला की काय करावं लागतं ते ठाऊक आहे ना? दोन्ही बांबू काढायचे. दोन्ही भेगा मातीनं बुजवायच्या. पुढच्या मोठ्या पूजेला रेडा पडेपर्यंत त्या उघडायच्या नाहीत. मग खरं कोण आणि खोटं कोण ते मागाहून बघायचं."

"पूजा कधी?"

"पाऊस पडून गेल्यावर."

दोनातुसनं मनात हिशेब केला. तोवर पास्कालियाचं मूल रांगायला लागलं असतं. पण चोर चोरी करतोय आणि आपण गप्प बसायचं, हेही त्याला सोसेना. "पुरावा आणला तर?" त्यानं विचारलं. "डोळ्यांनी बघितलं तर?"

"डोळ्यांनी बघितलंस तर भेग बुजवायची फक्त त्याची. रविवारी प्रार्थना झाली की सगळे जमतील, तेव्हा बोल. कोर्नेलिसलाही मी सांगून ठेवतो."

म्हणून शनिवारी दोनातुसनं गावभर सांगितलं की तो बांबू आणायला पलीकडे चाललाय. खांद्यावर कोयता टाकून तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघाला, आणि वळसा घेऊन उताराच्या वरच्या अंगाला शेवग्याच्या झाडांमागे येऊन बसला. उजाडत होतं. खाली सगळ्या भेगा दिसत होत्या. जागोजाग पांढरी वाफ निघत होती.

कोर्नेलिस आला नाही. बायका आल्या.

हेंद्रिका आजी पहिली आली. तिनं आपला कॅन बांबूखालून काढला, वजन बघितलं. मग कमरेची करवंटी काढली, आपल्या कॅनमधून करवंटीभर पाणी घेतलं, खाली दोनातुसच्या कॅनपाशी आली आणि त्यात ओतलं. इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणात सडा घालावा तसं सहज.

दुसरी आली. तिनंही तसंच केलं. तिसरी आली. तिला दोन करवंट्या परवडल्या. अशाच आणखी काही जणी आल्या आणि शेवटी लुदगार्दा आली. तिनं कोर्नेलिसच्या कॅनमधून करवंटी भरली, तो मधला दगड ओलांडला आणि वाकून ओतली. दोनातुसच्या लक्षात आलं की दगड सरकलाय तो या पायांनी. रोज तिथंच पाय पडत असणार.

तो उठून उभा राहिला. पायाखालचा दगड घरंगळत खाली गेला आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

"भाऊजी!" लुदगार्दाच्या हातातली करवंटी पडली. "तुम्ही बांबू आणायला गेला होतात ना?"

"हे काय चाललंय?"

"चोरी चाललीय," हेंद्रिका आजी म्हणाली. "उलटी चोरी. जा, मोसाला सांग."

तो खाली उतरला. त्याला राग आला होता का लाज वाटत होती, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. सगळ्यात जास्त त्याला जाणून घ्यायचं होतं. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

"बस आधी," आजी म्हणाली. "उभ्या माणसाला सांगण्यासारखं नाही हे. तुमची भेग आधीपासूनच थंड आहे. खालच्या अंगाला आहे ना, आग लांब पडते. तुझ्या बापाला वाटलं कोर्नेलिसचा बाप वाफ चोरतोय. भांडण झालं आणि दोन्ही भेगा बुजवल्या. पुरुषांचं काय गेलं? तुमची माडी चालूच होती. दोन्ही घरच्या बायकांनी केळीचे खुंट पिळून पाणी प्यायलं. लुदगार्दाच्या सासूचं तान्हं पोर त्यातच गेलं."

दोनातुसला हे ठाऊक नव्हतं. पोर गेलं एवढं त्यानं ऐकलं होतं, कशानं ते नाही.

"तेव्हापासून आम्ही ठरवलंय," लुदगार्दा म्हणाली. "तुमच्या घरचा कॅन कमी येता कामा नये. कमी आला की पुरुष विचार करायला लागतात. आणि पुरुष विचार करायला लागले की कोयते निघतात."

"बिबियानाला माहीत होतं?"

यावर त्या सगळ्याच हसल्या, पण हळू.

"लग्न होऊन आली त्याच आठवड्यात कळलं तिला," आजी म्हणाली. "फुकट घेणार नाही म्हणाली. तिचा हात चांगला होता. गावात कुणीही नवं कापड मागावर घालायचं म्हटलं की रंगाआधी सुताला गाठी मारायला ती यायची. माझ्या अंगावरचं हे बघ. या माशांच्या गाठी तिच्या."

दोनातुसनं बघितलं. गाठींच्या जागी रंग न चढल्यानं कापडावर बारीक पांढरे मासे उमटले होते, एकामागे एक. ती दुपारी कुठं जाते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"इथं ती काय बोलायची?"

"सगळं सांगितलं तर तुम्हाला झोप यायची नाही," लुदगार्दा म्हणाली. मग तिला वाईट वाटलं असावं. "तुमच्या होड्यांबद्दल बोलायची. म्हणायची, माझा नवरा होडी बांधताना तोंडानं शीळ घालतो, आणि त्याला ते माहीतच नाही."

दोनातुसला खरोखरच माहीत नव्हतं. त्यानं खाली पडलेली करवंटी उचलून लुदगार्दाला दिली. मग म्हणाला, "मी आल्यावर तुम्ही ओतायचं का थांबवलंत?"

"तुम्ही कॅनपाशी ठाण मांडून बसलात! पोलिसासारखे! आम्ही ओतणार कशा? तुम्ही गेलात त्या एका दिवशी ओतलं की नाही?"

आता कुठं तो भरलेला कॅन त्याला समजला.

"उद्या तुम्ही मोसापुढे माझ्या नवऱ्याचं नाव घेणार आहात," लुदगार्दा म्हणाली. तिच्या आवाजात आता गंमत नव्हती. "काल मोसा घरी येऊन गेला. तेव्हापासून नवरा कोयता घासत बसलाय."

"मी खरं ते सांगतो. तुम्ही पाणी देता म्हणून सांगतो."

"आणि मग?" आजी म्हणाली. "प्रत्येक जण घरी जाऊन बायकोला विचारेल, माझं पाणी कुणाला घातलंस? कोर्नेलिस तर हिला इथं पाऊल टाकू देणार नाही. तुझा कॅन अर्धा तो अर्धाच. पास्कालिया तिकडेच."

"मग सांगू काय?"

बायका आपापले कॅन उचलून निघाल्या. काय सांगायचं ते त्याचं त्यालाच शोधायचं होतं.

रविवारी प्रार्थना संपली आणि पुरुष चिंचेखाली जमले. कोर्नेलिस समोरच बसला होता, हाताची घडी घालून. मोसानं विचारलं, "दोनातुस, काय बघितलंस ते सांग."

दोनातुस उठला. गावानं त्याच्या हातच्या होड्या वापरल्या होत्या. एकही होडी कधी गळली नव्हती, आणि हे तो स्वतःच पुष्कळदा सांगत असे.

"चोर सापडला," तो म्हणाला. "मीच."

"म्हणजे?"

"बांबूच्या आतली एक गाठ फोडायची राहिली होती. वाफ पुढे जाणार कशी? मी बाहेरून राळ लावत बसलो आणि आत गाठ. कोर्नेलिसचा काही संबंध नाही."

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि चिंचेखाली एकच गलका झाला.

"अरे, होडीचं भोक बुजवायचं विसरला नाहीस ना कधी?"

"बायका बांबू बसवतात रे रोज! यानं इतक्या होड्या बांधल्या आणि याला नळी जमेना!"

"माझी होडी उद्या उलटी करून बघतो बाबा!"

कोर्नेलिस हसला नाही. तो उठून दोनातुससमोर आला. "माझं नाव घेऊन मोसाकडे गेलास. गावभर झालं. आता गाठ होती म्हणतोस. माझ्या नावाचं काय?"

"कोंबडा देतो. माडीही देतो, सगळ्यांना."

"कोंबडा सगळेच देतात."

दोनातुसनं विचार केला. "तुझ्या भेगेवरचा बांबू जुना झालाय. चिरलाय. मी नवा बसवून देतो. आतून साफ करून."

"आत गाठ ठेवून?" कोर्नेलिस म्हणाला, आणि मग मात्र त्यालाही हसू आवरलं नाही.

कोर्नेलिसचा बांबू बसवून झाला तशी हेंद्रिका आजी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचा बांबू जागोजाग कुजला होता. आतल्या गाठी फोडायला तिच्याकडे कुणी नव्हतं. गावातल्या बऱ्याच बायकांचे नवरे मलेशियात कामाला होते, त्यांचीही तीच गत. दोनातुसच्या सळईला काम लागलं. सकाळी तो बांबू बसवायचा, आणि काम झालं की मुद्दाम जरा लांब जाऊन बसायचा, पाठ करून. मागं करवंटीचं पाणी कॅनमध्ये पडल्याचा आवाज यायचा. मोजावं असं त्याला कधी वाटलं नाही.

कॅन भरू लागला. तो टेकाडावर गेला आणि फोन लावला.

"भरतो," तो म्हणाला.

पास्कालियानं खात्री करून घेतली. "अर्ध्याच्या वर?"

"काठोकाठ."

"बाबा, कसा भरतो?"

टेकाडावर आणखी दोघे तिघे पुरुष फोनला रेंज शोधत उभे होते. दोनातुसनं त्यांच्याकडे पाठ केली. "मी हल्ली बांबू साफ करून देतो," तो हळू म्हणाला. "हेंद्रिका आजीचा, लुदगार्दाचा, जिला लागेल तिचा."

पास्कालिया हसली, आणि ते हसणं ओलं होतं.

"म्हणजे त्यांनी तुला त्यांच्यात घेतलं."

"तुला माहीत होतं?"

"लहानपणी मीच ओतायची ना बाबा. आई मला करवंटी द्यायची. ज्या दिवशी हेंद्रिका आजीचा कॅन कमी असेल त्या दिवशी आपल्यातलं तिच्यात."

दोनातुस टेकाडावरून खाली बघत होता. घराघरांतून धूर निघत होता, एक बाई कापड वाळत घालत होती, दुसरी तिला काहीतरी सांगत होती. कापडावर कसल्या गाठी आहेत ते इतक्या लांबून दिसत नव्हतं.

"आणखी काय काय आहे, जे मला ठाऊक नाही?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ आहे," पास्कालिया म्हणाली. "परवाच्या होडीनं निघते. आले की सांगते. सगळं नाही हं, पण सांगते."